फेलूवेच्या मनोऱ्यावर बाबांची ड्युटी

होळी झाली की आमच्या घरात बाबा नसायचे. मेळघाटच्या पायथ्याला आमचं गाव. तिथून दोन-अडीच तास चढ चढून गेलं की वनखात्याचा लोखंडी मनोरा होता. होळीपासून मृग लागेपर्यंत बाबा त्या मनोऱ्यावर. काम एकच: दिवसभर जंगलाकडे बघत राहायचं आणि कुठे धूर दिसला की वायरलेसवर खाली सांगायचं. काम मोठं होतं, पण माणूस रोजंदारीचा. कायम कधी झालेच नाहीत. आई पहाटे तेंदूपत्ता तोडायला जायची, दोन धाकटे भाऊ माझ्या गळ्यात. रविवारी मी फडक्यात भाकऱ्या बांधून आणि दोन कॅन पाणी घेऊन मनोऱ्यावर जायची, कारण वर पाणी नव्हतं. एका कॅनमध्ये बाबांचं प्यायचं पाणी, दुसऱ्यात बाकीचं सगळं. तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची असेन. ते ओझं अजून खांद्याला आठवतं.

मी दहावीला होते त्या वर्षी मनोऱ्याच्या दक्षिणेला मोठी आग लागली. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पाचोळा पेटवतात. तसा कुणीतरी पेटवला आणि वारा सुटला. तीन दिवस जंगल जळत होतं. मग चौकशी आली. खाली नाक्यावर एक नोंदवही असायची, मनोऱ्यावरून आलेला प्रत्येक निरोप तिथला माणूस त्यात लिहायचा. बाबांचं नाव त्या वहीत कधीच नसे. नुसतं ‘मनोरा’ असं असे. आगीच्या दिवशीच्या पानावर एकही निरोप नव्हता. म्हणून कागदावर आलं की मनोऱ्यावरचा मजूर झोपलेला होता. पुढच्या होळीला बाबांना बोलावणं आलं नाही. ते वीटभट्टीवर गेले, नंतर तालुक्याच्या एका वसतिगृहात पहारेकरी झाले. डोंगर पुन्हा चढले नाहीत. त्या दिवसाबद्दल आमच्या घरात कुणी त्यांना विचारलं नाही. मीही नाही.

मी आमच्या घरातली पहिली बारावी पास, पहिली पदवीधर. आता तर डॉक्टरसुद्धा आहे. औषधाची नाही, गवताची. हे मी मिरवते, आणि का मिरवू नये? अकोल्याला शिकले, मग शिष्यवृत्तीवर वाखनिंगन या डच विद्यापीठाच्या गावी आले, कोरड्या जमिनीतल्या गवतांवर काम केलं आणि इथेच नोकरीला लागले. पण एक गोष्ट कबूल करायला हवी. इथे कुणी विचारलं की वडील काय करायचे, तर मी म्हणायची, “वनखात्यात होते.” समोरच्याच्या डोळ्यांसमोर टोपी घातलेला, जीपमधला साहेब उभा राहायचा. मी तो तसाच उभा राहू द्यायची.

गेल्या वसंतात माझं डॉक्टरेटचं काम पुरं झालं तेव्हा बाबा महिनाभर आले. आईचे गुडघे गेलेत, ती आली नाही. तीन आठवडे बाबा खिडकीशी बसून होते. “सपाट हाये,” एवढंच म्हणायचे. “पाह्य तिकडं लोक सायकलीवर, पाह्य तिकडं लोक सायकलीवर. चढ कोणालेच माहीत नाई.” हार्लेमची माझी मैत्रीण फोनवर ओरडली, “अगं, ट्युलिप दाखव ना त्यांना! सगळ्यांचे आईवडील ट्युलिप बघतात.” दाखवले. बाबा म्हणाले, “चांगले हायेत. खातात का?”

ऑफिसातल्या मारेइकेला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “तुझे वडील फॉरेस्टचे ना? मग त्यांना फेलूवेला ने. माझा काका हेंक तिथल्या आगीच्या मनोऱ्यावर बसतो. पायथ्याशी झोपायला खोली आहे.” फेलूवे म्हणजे देशाच्या मधोमध पसरलेलं पाइनचं जंगल आणि हेदरच्या झुडपांची माळरानं. आता आगी शोधायला विमान आणि कॅमेरे आहेत. पण एप्रिल-मेमध्ये, जुनं गवत वाळलेलं आणि नवं वर यायचं असतं तेव्हा, काही निवृत्त मंडळी अजून हौसेनं आणि शिस्तीनं मनोऱ्यावर बसतात. मी लगेच हो म्हणाले. बाबांना मात्र एवढंच सांगितलं की आपण जंगलात एक रात्र राहायला चाललोय. मनोऱ्याचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर ते खिडकीपासून उठलेच नसते.

शनिवार

आगगाडी आणि बस सोडून देते, त्यात सांगण्यासारखं काही नाही. शेवटची छोटी बस गावातलेच आजोबा-आजी फुकट चालवतात. आमच्या बसच्या चालक आजींनी बाबांच्या डोक्याला गुंडाळलेल्या दुपट्ट्याची तारीफ केली. बाबांनी मान हलवली आणि मला विचारलं, “ही बाई पगार घेत नाई? मग हिले रागावणारं कोणी नसंन.”

तिथून अकरा किलोमीटर चालायचं होतं. इथल्या पायवाटांवर फाट्याफाट्याला क्रमांक असतात. तुम्ही कागदावर आकडे लिहून घ्यायचे आणि एकोणीसवरून चोवीस, चोवीसवरून सात असं चालायचं. बाबांना हे पटेना.

“जंगलात आकड्यावर चालता?”

“चुकत नाही माणूस.”

“नाई चुकत तर जंगल कळंन कसं?”

पहिलाच टप्पा एका टेकाडावरून होता. पाटीवर त्याला डोंगर म्हटलं होतं, मी वाचून दाखवलं. बाबा वर पोहोचले, मागे वळून पाहिलं, पुढे पाहिलं आणि विचारलं, “कुठून सुरू होते?” मी म्हटलं, आपण माथ्यावर उभे आहोत. ते इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. त्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसले.

मग जंगल सुरू झालं आणि बाबा बदलले. इतके दिवस मी त्यांना रस्ता ओलांडायला हात धरत होते, आता मी मागे आणि ते पुढे. एका जागी माती उकरलेली दिसली. “डुक्कर. काल रातचं.” पुढे चिखलात खूर. “हरिण, पण आपल्याकडच्याहून जड.” गवतातून चालताना पॅन्ट मोज्यांत खोचायची, कारण इथे गोचीड चावून माणसं आजारी पडतात, हे मी गंभीरपणे सांगितलं. तर म्हणाले, “गोचीड जनावराले लागते. इकडच्या माणसायले लागते?” पण खोचली, आणि माझीही नीट खोचली का ते वाकून पाहिलं.

सात क्रमांकाच्या फाट्यापुढे पाइन संपून उघडं माळ लागलं. हेदर फुलायला अजून अवकाश होता. नुसती तपकिरी झुडपं आणि मध्ये पेंढ्यासारखं वाळलेलं गवत. पूर्वेकडून कोरडा वारा. वाटेच्या तोंडाशी लाल पाटी होती. बाबांनी विचारलं, काय लिहिलंय? मी सांगितलं, आगीचा धोका वाढलाय, विडी-काडी बंद, शेगडी पेटवायची नाही. त्यांनी पाटीकडे पाहिलं, वाळल्या गवताकडे पाहिलं, ओलं बोट वर धरून वारा पाहिला. मग वाटेकडेच्या बर्चच्या झाडाकडे गेले आणि चांगला हातभर लांब, पानांनी भरलेला टहाळा कडकन मोडला.

तेवढ्यात समोरून पाठपिशव्या घेतलेलं एक डच जोडपं येत होतं. बाई थांबली आणि सरळ बाबांना म्हणाली की असं करायची परवानगी नाही, हे संरक्षित जंगल आहे. डच माणसं तोंडावर बोलतात, त्यात वाईट हेतू नसतो. एरवी मला ते आवडतं, मीही तशीच आहे. पण त्या वेळी माझे कान तापले. मी माफी मागितली आणि ते जोडपं गेल्यावर बाबांवर घसरले.

“बाबा, इथे असं चालत नाही! दंड होतो. टाका ते.”

“पाटीवर आग लिवलं हाये ना?”

“मग?”

“मंग रिकाम्या हातानं कसं जायचं?”

त्यांच्या आवाजात वाद नव्हता. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. वाळल्या दिवसांत ओला टहाळा घेतल्याशिवाय जंगलात पाऊल टाकायचं नाही, हे त्यांच्या अंगात होतं. वाटेत कुठे धुमसताना दिसलं तर त्यानंच विझवायचं, दुसरं होतं काय त्यांच्याजवळ? मला हे माहीत होतं. लहानपणी मनोऱ्यावर जाताना माझ्याही हातात ते टहाळा द्यायचे. पण मी चिडलेली होते. म्हणाले, “इथे हेलिकॉप्टर आहेत.” त्यांनी टहाळा टाकला नाही. पाठीमागे धरला आणि शाळेत पट्टी लपवणाऱ्या पोरासारखे चालू लागले.

दुपारी दोनच्या सुमाराला झाडांच्या वर लोखंडी मनोरा दिसला. बाबांचे पाय थांबले.

“हे काय हाये?”

“आगीचा मनोरा. याच्याच खाली राहायचंय आपल्याला.”

त्यांनी मनोरा पायथ्यापासून टोकापर्यंत पाहिला. मग म्हणाले, “मी खाली बसतो. तू जाऊन ये वर.”

मनोऱ्याखाली

मारेइकेचा काका हेंक अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, उंच, कमरेत किंचित वाकलेला, अंगात विटलेला हिरवा स्वेटर. डोळ्यांचं ऑपरेशन होऊन महिना झालेला. त्यानं हात पुढे केला तर बाबांचा उजवा हात पाठीमागे टहाळ्यासकट. काढावाच लागला. मी घाईघाईनं डचमध्ये सांगू लागले की माफ करा, आमच्याकडे तशी पद्धत आहे, त्यांना नियम माहीत नव्हता. हेंकनं माझं ऐकलंच नाही. त्यानं टहाळा हातात घेतला, पानं चाचपली, देठ पाहिला आणि पायथ्याच्या शेडमध्ये गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात एक लांब दांडा होता, टोकाला पंख्यासारख्या पसरलेल्या रबरी पट्ट्या. गवताची आग विझवायचा झोडप्या. शेडच्या भिंतीवर तसे सहा टांगलेले होते.

त्यानं तो बाबांना दिला. बाबांनी वजन पाहिलं, पकड बदलली आणि जमिनीवर मारून दाखवलं. मारून म्हणजे, आपटून नाही. पट्ट्या टेकवल्या, दाबल्या आणि स्वतःकडे ओढल्या.

“याले सांग, उचलून झोडपाचं नाई. ठिणग्या उडतात, आग मागं जाते. दाबाचं आणि वढाचं.”

मी सांगितलं. हेंक मोठ्यानं हसला. “दर वर्षी नव्या पोरांना हेच शिकवतो मी! आणि दर वर्षी ती माश्या मारल्यासारखी झोडपतात.” मग त्यानं बाबांना विचारलं, “मारेइके म्हणाली तुम्ही फॉरेस्ट खात्यात होता. कोणत्या हुद्द्यावर?”

हा प्रश्न बाबांना होता, पण उत्तर माझ्या तोंडून जाणार होतं. मला हवं ते मी सांगू शकले असते. बाबांना डच येत नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं. दुपट्ट्यानं घाम पुसत ते झोडप्याच्या पट्ट्या मोजत होते.

“हुद्दा नव्हता,” मी म्हणाले. “रोजंदारी मजूर होते. मनोऱ्यावर बसायचे. सोळा हंगाम.”

“सोळा!” हेंक म्हणाला. “माझे नऊ. त्याआधी मी टपाल वाटायचो.”

एवढंच. मी वर्षानुवर्षं झाकत होते त्या गोष्टीला त्या माणसानं हुद्द्याचाच मान दिला. त्याबद्दल मी हेंकची आभारी आहे आणि स्वतःची मला अजून थोडी लाज वाटते.

हेंक म्हणाला, चला वर. मी बाबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, नाही. मी हेंकला म्हटलं, ते दमलेत. त्यानं वर पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि डोकं खाजवलं. “माझी अडचण आहे. वर दोघं लागतात, असा नियम आहे. माझा जोडीदार आज तापानं पडलाय, आणि माझे डोळे तर असे. सहा वाजेपर्यंत बसायचंय. त्यांना विचार, माझ्याबरोबर बसतील का?”

मी शब्दाला शब्द लावून सांगितलं. बाबांनी हेंकच्या डोळ्यांकडे पाहिलं.

“एकटा हाये तो?”

“हो.”

“डोळे बनवले त्याचे?”

“महिना झाला.”

त्यांनी झोडप्या भिंतीला टेकवला. “काम हाये तर येतो,” म्हणाले. फिरायला म्हणून ते वर कधीच गेले नसते.

वर

एकशे अठरा पायऱ्या. मी मोजल्या, कारण मी बाबांच्या मागे होते आणि वर बघायची हिंमत होत नव्हती. कठड्याला हात न लावता ते चढत होते. प्रत्येक टप्प्यावर थांबत, दम घेत, पुन्हा निघत. वर काचेची छोटी खोली, दोन खुर्च्या, दुर्बीण, आणि मधोमध अंश कोरलेली गोल तबकडी, तिच्यावर फिरणारी पट्टी. धूर दिसला की पट्टी त्याच्यावर रोखायची आणि आकडा फोनवर सांगायचा.

खाली चारी बाजूंना जंगल, माळ, एका ठिकाणी उघड्या वाळूचा पिवळा पट्टा, दूर चर्चचा टोकदार मनोरा. डोंगर कुठे नाही. नजरेला अडवणारं काहीच नाही. मला ते सुंदर वाटलं. बाबा तोवर कामाला लागले होते. हेंकनं दुर्बीण पुढे केली, ती त्यांनी बाजूला ठेवली. “नंतर. आधी उघड्या डोळ्यानं.” जवळच्या झाडांपासून सुरुवात करून डावीकडून उजवीकडे, मग थोडं पुढचं, पुन्हा डावीकडून उजवीकडे, शेत नांगरावं तसं ते नजरेनं जंगल नांगरत गेले. क्षितिजापर्यंत गेले की पुन्हा पायाशी.

तासाभरानं हेंकनं पश्चिमेला बोट दाखवलं. राखाडी काहीतरी उठत होतं. बाबांनी एकदा पाहिलं. “धूळ हाये. टॅक्टर असंन. धूळ चालते, पाह्य. धूर एका जागी उभा राह्यते.” खरंच, ते हळूहळू सरकत होतं. हेंकनं हे वाक्य माझ्याकडून दोनदा सांगून घेतलं.

आणि मग चारच्या सुमाराला बाबा उठून उभे राहिले.

“धूर.”

त्यांनी हात लांब केला आणि बोटं आडवी धरली. “त्या देवळाच्या टोकापासून डावीकडं चार बोटं.” त्यांच्याजवळ तबकडी कधी नव्हती, ते असंच मोजायचे. मीही पाहिलं. पाइनच्या शेंड्यांवरून फिकट पिवळट ढग उठत होता, दाट, आणि तो चालत नव्हता. हेंकनं दुर्बीण लावली, काढली, डोळ्यांची उघडझाप केली. चेहऱ्यावर शंका होती, ती मला दिसली. बाबांनाही दिसली. त्यांचा हात खाली आला.

पण हेंकनं पट्टी फिरवली, अंश वाचला आणि फोन उचलला. बाबांचे शब्द त्यानं तसेच्या तसे खाली दिले: धूर, एका जागी, एवढे अंश, अंदाजे चार किलोमीटर.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, “तुम्हाला खात्री वाटत नव्हती ना?”

“नव्हती,” तो म्हणाला. “पण इथे बसलेल्यानं धूर म्हटलं की धूर. नाही म्हणायचं काम तिथे जाऊन बघणाऱ्याचं.”

मी हे बाबांना सांगितलं. ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. वीस मिनिटं आम्ही तिघं तिकडेच बघत होतो. खालून वनरक्षकाची गाडी तिकडे गेली आणि झाडांत दिसेनाशी झाली. मग फोन वाजला, हेंकनं ऐकलं, आणि हसत एकच शब्द म्हणाला. परागकण.

या दिवसांत पाइनची झाडं परागकण सोडतात. वाऱ्याची एक झुळूक आली की आख्ख्या राईतून पिवळा ढग उठतो. गवतांवर डॉक्टरेट केलेल्या माझ्याही हे ध्यानात आलं नाही. मेळघाटात साग आहे, पाइन नाही. बाबांनी झाडाला असा धूर सोडताना उभ्या जन्मात पाहिलेलं नव्हतं.

मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. “झालं,” ते म्हणाले. “आता लिवतीन, म्हातारा आंधळा हाये.” आणि दुपट्टा सारखा करून ते जिन्याकडे वळले.

हेंकला शब्द कळले नाहीत, पण पाठ कळली. त्यानं फळीवरची जाड वही काढली, उघडून बाबांच्या समोर धरली आणि एकेका ओळीवर बोट ठेवलं. मी वाचत गेले. “मंगळवार: धूर कळवला, हेंक. परागकण. गुरुवार: धूर कळवला, हेंक. परागकण. शुक्रवार...”

“याचे किती?” बाबांनी विचारलं.

“या आठवड्यात तीन.”

“तीन!” बाबा हेंककडे बघत राहिले. “अन् तरी याले वर बसू देतात?”

मी भाषांतर केलं. हेंकच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत तो हसला, आणि नव्या डोळ्यांना चोळायचं नाही म्हणून हात हवेत धरून बसला. मग बाबाही हसले. ते जिन्यापासून परत फिरले आणि खुर्चीत बसले.

हेंकनं नवी ओळ आखली. वेळ. अंश. काय दिसलं. काय निघालं. शेवटच्या रकान्याशी थांबून म्हणाला, “पूर्ण नाव सांग. पाहिलं त्याचंच नाव लिहितात.” त्यानं विचारत विचारत लिहिलं: किसन गोमाजी सरकटे. मग पेन बाबांच्या हातात दिलं.

“काय करू?”

“सही करा बाबा.”

“परागाची?”

“तुम्ही जे पाहिलं त्याची.”

बाबांची सही मी चौथीत असताना पाटीवर शिकवलेली आहे. त्यात ‘स’ नेहमी मोठा येतो. त्यांनी तो इथेही मोठा काढला.

संध्याकाळ आणि सकाळ

सहाला खाली उतरलो. चूल नाही, मेणबत्तीसुद्धा नाही, चहाला विजेची किटली. मी ज्वारीच्या भाकऱ्या, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. हेंकजवळ त्याचं ब्रेड-चीज. इथे प्रत्येकजण आपापला डबा उघडून आपापलं खातो, दुसऱ्याला विचारायचीसुद्धा पद्धत नाही. बाबांना ते दिसलंच नाही. त्यांनी भाकरी मोडली, अर्धी हेंकच्या चीजवर ठेवली आणि वर ठेच्याचा गोळा. मी ‘जपून’ म्हणेपर्यंत त्यानं घास घेतला होता. लाल झाला, स्वेटर काढला, किटलीतलं उरलेलं पाणी प्यायला, आणि दुसऱ्यांदा मागितला. जाताना सायकलीवर बसून म्हणाला, सकाळी आठला येतो, जोडीदार आला नाही तर किसनला सोडणार नाही.

आम्ही ओट्यावर बसलो. मेमध्ये इथे नऊ वाजले तरी उजेड असतो. माळावर कोकीळ बोलत होता. इथला कोकीळ आपल्याकडच्यासारखा ‘कुहू’ चढवत नेत नाही, दोनच सूर काढतो, भिंतीवरच्या घड्याळासारखे. खूप वर्षांचा प्रश्न माझ्या तोंडाशी आला, आणि या वेळी मी तो गिळला नाही.

“बाबा, त्या दिवशी तुम्ही झोपला होतात?”

त्यांनी दचकून पाहिलं नाही. जणू वाटच बघत होते.

“झोपलो नोतो. तीनदा सांगतलं वायरलेसवर. तिकडून कोणी बोललंच नाई. मंग पळत खाली गेलो. मी पोचलो तवा नाक्यावर कोणीच नोतं.”

“मग चौकशीत सांगितलं नाही?”

“सांगतलं. वहीत नाई म्हणाले.” थोडं थांबून म्हणाले, “तू कधी इचारलं नाईस, माय.”

“भीती वाटायची.”

“कशाची?”

“तुम्ही हो म्हणाल याची.”

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मोजायला धरतात तशी चारही बोटं सरळ. “आता इचारलंस ना,” म्हणाले. मग माझ्या मोज्यांतली पॅन्ट पुन्हा तपासून गोचीड नाही ना ते बघितलं आणि झोपायला गेले. ते घोरत होते. घरी आल्यापासून तीन आठवड्यांत मी त्यांना असं घोरताना ऐकलं नव्हतं.

सकाळी त्यांनीच मला हलवलं. “चाल, पाह्य.” बाहेर माळावर कमरेएवढं पांढरं पसरलेलं, वर झाडांचे शेंडे तरंगत होते, आणि हरणांचा एक कळप त्यातून डोकी वर काढून चालला होता. मी काही म्हणायच्या आत बाबा म्हणाले, “धुकं हाये. लिवाचं काम नाई.” आणि स्वतःच हसले.

आठला हेंक आला, जोडीदारासकट. बाबा थोडे हिरमुसले, मला दिसलं. निघताना कालचा टहाळा त्यांनी शोधून काढला. पानं सुकली होती, पण अजून मऊ होती. त्यांनी तो शेडमध्ये झोडप्यांच्या शेजारी उभा केला. आमच्याकडे जंगलातून परतणारा आपला टहाळा वाटेच्या तोंडाशी ठेवून जातो, आत जाणाऱ्यासाठी. हेंकनं विचारलं नाही, मीही समजावलं नाही. त्यानं फक्त तो पडू नये म्हणून एक झोडप्या सरकवून जागा केली.

परतीच्या वाटेवर बाबांनी दुसरी फांदी मोडली नाही. आकडे मात्र तेच वाचत होते. सात, चोवीस, एकोणीस. पुढच्या आठवड्यात ते भारतात गेले. मी ऑफिसात मारेइकेला सांगितलं की माझे वडील साहेब नव्हते, आगीच्या मनोऱ्यावर मजूर होते, सोळा हंगाम. ती म्हणाली, हेंकनं तिला कधीच सांगितलंय, तो सगळ्यांना सांगत सुटलाय.

त्या शनिवारी माझे बाबा पुन्हा मनोऱ्यावर चढले. त्यांना जे दिसलं ते त्यांनी सांगितलं, आणि ते त्यांच्या पूर्ण नावानिशी लिहून घेतलं गेलं.